बिननावाचं कार्ड

शरच्चंद्र रणनवरे यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्याला घरात कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. लग्नानंतर नव्यानव्यात सुलोचनाबाईंनी तो लाडू ठेवायला म्हणून रिकामा केला होता. त्यावरून घरात जे झालं ते त्या अजून सांगतात, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतात. शरदराव ऐकून घेतात. बायकोपुढे गप्प बसायचं कसब त्यांना जमलेलं आहे, बाहेर मात्र ते कधी जमलं नाही.

डब्यात प्रभुभोजनाची कार्डं होती. हे जरा नीट सांगायला हवं, कारण ही रीत इंदूरच्या छावणीतल्या त्या लहानशा चर्चबाहेर कुणाला ठाऊक नाही, आणि आतल्यांपैकीही आता कितीजणांना आठवते देव जाणे. वर्षातून तीनदा, नाताळ, ईस्टर आणि सुगीनंतरच्या हंगामाच्या सणाला, तिथल्या मराठी मंडळीत प्रभुभोजन व्हायचं. पावाचा तुकडा आणि बोटभर काचेच्या पेल्यातला द्राक्षारस. त्याच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचा वडील घरोघर जायचा. वडील म्हणजे कुणाचा बाप नव्हे, मंडळीने निवडलेला कारभारी. पाळकसाहेब चार-पाच वर्षांनी बदलून जातात, वडील मात्र हातपाय चालतील तोवर तिथेच. त्याने प्रत्येक घरी बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, कुणाशी अबोला आहे का, मनात काही डाचतंय का, लपवलेलं काही आहे का. मन साफ असलं की नावाचं कार्ड द्यायचं. रविवारी दारातल्या पितळी ताटात ते टाकायचं आणि आत जाऊन बसायचं. जितकी कार्डं तितकेच पेले भरायचे. भोजन झालं की कार्डं पुन्हा डब्यात.

शरदराव छत्तीस वर्षं वडील होते. नोकरी बांधकाम खात्यात, ड्राफ्ट्समनची. नकाशावर रेघ ओढली की ती रेघच दिसायची आणि अक्षर काढलं की बघणारा दोन मिनिटं थांबायचा. कार्डांवरची नावं त्यांनीच काढलेली, काळ्या शाईत, बोरूने. आणि स्वभावही तसाच, एक सूतभर इकडेतिकडे चालायचं नाही. एकदा दोन जावांमध्ये प्रेशर कुकरवरून बोलणं बंद होतं. हे गृहस्थ दोघींच्या मधे जे बसले ते पाचवा चहा होईस्तोवर उठले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्या कंटाळून एकमेकींशी बोलल्या. लोक हसायचे, वचकूनही असायचे. "रणनवरे आले रे, कार्डवाले," म्हणत घरातला टीव्ही बंद व्हायचा.

तर त्या डब्याच्या तळाशी एक कार्ड बारा वर्षं पडून होतं. सौ. पद्मजा यतीन साळवे. सणाच्या आधी डबा उघडला की बाकीची कार्डं बाहेर निघायची आणि ते तळाशी राहायचं. काही माणसं वारली, काहींनी गाव सोडलं, त्यांची कार्डं शरदरावांनी एका पाकिटात घालून वेगळी ठेवली. पद्मजाचं तेवढं पाकिटात जाईना. ती मेलेली नव्हती आणि गाव सोडून गेलेलीही नव्हती. शहराच्या दक्षिणेला राऊला राहत होती, सिटी बसने पाऊण तास.

पद्मजा म्हणजे यतीनची बायको. यतीन साळवे शरदरावांच्याच कचेरीत, आस्थापना शाखेत कारकून होता. सगळ्यांची सर्व्हिस बुकं त्याच्या टेबलावर. चर्चमध्ये तो दुसरा वडील. दोन वडील असायचेच, कारण वडिलाने स्वतःला कार्ड द्यायचं नाही अशी शिस्त होती. शरदराव यतीनला द्यायचे, यतीन शरदरावांना. आणि पद्मजा पेटी वाजवायची. वाजवायची म्हणजे काय, सगळी मंडळी तिच्या बोटांवर चालायची. साठ माणसं, त्यातली निम्मी बेसूर, पण पद्मजाने पहिला सूर धरला की बेसूर माणसंही गुपचूप रांगेत यायची. पोरं गाणी शिकायला तिच्या घरी जमायची. सकाळी सातच्या उपासनेला झोपेतून उठून कोण येतं? तिच्यासाठी यायची.

मग यतीन गेला. पंचावन्नाव्या वर्षी, ऑफिसात, खुर्चीतच. पेन्शन तुटपुंजी, मुलगा मानस बारावीत. पद्मजाने शिवणकाम केलं, एका शाळेत पेटी शिकवली, तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पुढच्या वर्षी मानसला इंजिनिअरिंगला सीट मिळाली, ती राखीव जागेवर. आता आपल्या या लोकांची एक जुनी अडचण आहे. आजा-पणजा ज्या वस्तीतून आला ती वस्ती सरकारी कागदावर मागास, पण धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिलं की सवलत गेली. भूक मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. म्हणून कितीतरी घरांत रविवारचा धर्म एक आणि कागदावरचा एक असं चालतं. सगळ्यांना माहीत असतं, सगळे मूग गिळून बसतात. मंडळीतही अशी चार-सहा घरं होती. शरदरावांनी त्यांना कधी विचारलं नाही. पद्मजाला विचारलं.

हंगामाच्या सणाआधीचा बुधवार होता. ते तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, चहा उकळत होता. कार्ड हातात धरूनच ते म्हणाले, "पद्मजा, मानसच्या फॉर्मवर धर्म काय लिहिलास?"

तिने गॅस बारीक केला. "हिंदू लिहिला, दादा."

"का?"

"का म्हणजे काय? एवढी फी झेपली नसती म्हणून. आणखी काय कारण असणार?"

"मग हे कार्ड मी तुला कसं देऊ?"

"ते तुम्ही बघा," पद्मजा म्हणाली. "तुम्ही विचारलंत म्हणून मी खरं सांगितलं. कार्ड घेऊन आलेल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?"

शरदरावांनी कार्ड पिशवीत ठेवलं. "दुरुस्त करून घे. हे कार्ड तुझंच आहे, कधीही येऊन घेऊन जा." असं म्हणून ते चहा न घेता उठले. दारापर्यंत पोचवायला ती आली होती, वर "सांभाळून जा, पायरी तुटलीय" असंही म्हणाली. त्या रविवारी पेटीवर कुणी नव्हतं. पुढच्या रविवारीही नव्हतं. मग कधीच नव्हतं.

आणि आता शरदरावांची गोष्ट, जी त्यांनी सुलोचनाबाईंनासुद्धा सांगितली नव्हती. शाळेत घालताना त्यांच्या बापाने, मिशनच्या दवाखान्यातल्या माळ्याने, पोराच्या दाखल्यावर हिंदू असंच लिहवून घेतलं होतं, शिष्यवृत्ती मिळावी म्हणून. ते बापाने केलं, आपण नाही, ही काडी शरदरावांनी चाळीस-पन्नास वर्षं घट्ट धरून ठेवली होती. पण बाविसाव्या वर्षी बांधकाम खात्यात रुजू होताना माहितीचं पहिलं पान भरलं ते काही बापाने नव्हतं भरलं. नाव, जन्मतारीख, जात, धर्म. धर्म: हिंदू. स्वतःच्या हाताने, त्याच वळणदार अक्षरात. एवढंच नव्हे, तर ते पान सुरेख दिसतंय म्हणून साहेबांनी दुसऱ्यांना दाखवलंही होतं. त्याच पानावर त्यांची अडतीस वर्षांची नोकरी उभी राहिली, आणि त्यावरच पेन्शन.

मग पद्मजाचं कार्ड का अडवलं? याचं उत्तर त्यांनी स्वतःला पुष्कळ दिवस दिलं नाही. दिलं तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली. तिने इतक्या सहज खरं सांगितलं, गॅस बारीक करता करता, ते त्यांना सोसवलं नव्हतं. जे आपल्याला जन्मात जमलं नाही ते ही बाई चहा ढवळताना करते, याचा राग आला होता. बाकी सगळी शिस्त-बिस्त नंतरची.

पद्मजा गेली आणि गाणं गेलं. पोरं आधी उशिरा येऊ लागली, मग नऊच्या हिंदी उपासनेला जाऊ लागली, कारण तिथे गिटार होती. काही घरं बायपासकडच्या नव्या मोठ्या सभेला लागली, काही पुण्याला गेली. सगळा दोष एका कार्डाचा नव्हे, हे शहाण्या माणसाला कळतं. शरदरावांनाही कळत होतं. पण दर सणाला डबा हलका लागायचा आणि त्यांचा हात तळाशी जाऊन परत यायचा. यतीननंतर दुसरा वडील कुणी झालाच नाही, त्यामुळे आपलं कार्ड ते आपणच डब्यातून काढून खिशात घालायचे. विचारणारं कुणी नव्हतं.

यंदा पाळकसाहेबांनी सांगून टाकलं. मुकुल मसीह हे तरुण गृहस्थ, मूळचे हिंदी भाषिक, मराठी वाचतात पण बोलायला लागले की पाचव्या शब्दाला गाडी रुळावरून उतरते. माणूस चांगला. त्यांनी अजिजीने सांगितलं, "रणनवरेजी, सातच्या उपासनेला दस-ग्यारह लोक असतात. ईस्टरचं प्रभुभोजन मराठीत करू, धूमधामसे करू. फिर एप्रिलपासून सगळे एकत्रच, नऊला. आप बुरा तो नहीं मानोगे?" वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. दहा माणसांसाठी दिवे-पंखे लावायचे, याला काही अर्थ नव्हता. शरदराव फक्त म्हणाले, "कार्डं करतो."

घरी येऊन त्यांनी डबा पुढ्यात घेतला आणि तासभर तसेच बसून राहिले. सुलोचनाबाई शेंगा निवडत होत्या. नवरा कोणत्या कार्डापाशी अडलाय हे त्यांना बारा वर्षं माहीत होतं, का अडलाय एवढंच माहीत नव्हतं. "जा ना एकदा," त्या म्हणाल्या. "कब तक त्या डब्यावर बसून राहणार? शेवटची उपासना आहे. ती पेटीवर बसली तर काय बिघडणार आहे तुमचं?"

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार या वयात?"

गुरुवारी सकाळी ते राऊला गेले. धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत एकच कार्ड. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. आधी आपलं सांगायचं, तेच मुख्य. बाविसाव्या वर्षीचं पान, अक्षर, सगळं. मग माफी मागायची, मग कार्ड द्यायचं. रविवारी ती पेटीवर बसेल, आपण उभं राहून सगळ्यांसमोर पुन्हा सांगू, मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. बसमध्ये कंडक्टर "भिया, आगे बढ़ो, बीच में मत अटको" म्हणून दोनदा ओरडला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते.

नव्या वसाहतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार मानसच्या बायकोने, शिखाने, उघडलं. पद्मजा मागून आली. केस पांढरे, चष्मा जाड, बाकी तीच. तिने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे बाबांच्या ऑफिसमधले शरददादा. या दादा." छत्तीस वर्षांचा वडील ऑफिसमधला झाला, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर मानसच्या लग्नाचा फोटो, एक घड्याळ, बाकी भिंत कोरी.

शिखा मूळची चांगल्या घरची, मराठी बोलायची पण अर्धी हिंदीत. तिची नजर पिशवीकडे गेली होती. पाणी देता देता ती हळूच म्हणाली, "अंकल, तुम्ही चर्चवाले ना? आई सांगतात कधी कधी. बुरा मत मानना, पण इथे काही ठेवून जाऊ नका, प्लीज. मानसच्या ऑफिसमध्ये कुणीतरी अर्ज टाकलाय त्यांच्या जातीच्या सर्टिफिकेटबद्दल. इन्क्वायरी चालू आहे. शेजाऱ्यांकडे येऊन विचारून गेलेत, ये लोग संडे को कहाँ जाते हैं." मग तिचाच आवाज चोरटा झाला. "आम्ही कुठेच जात नाही," ती म्हणाली, आणि लेकीला शाळेच्या बसवरून आणायला खाली गेली.

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही जागेवर राहिलं नव्हतं. पद्मजाने त्यांना स्वयंपाकघरात नेलं, स्टूल दिलं, चहाचं आधण ठेवलं. तीच बैठक, फक्त ओटा नवा होता.

"पद्मजा, मला तुला काही सांगायचंय. माझ्या नोकरीच्या कागदावर..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हिंदू लिहिलंय ते. यतीननी सांगितलं होतं, आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. तुमचं सर्व्हिस बुक त्यांच्याच टेबलावर असायचं ना. घरी येऊन म्हणाले, पहिल्या पानावर शरदचं अक्षर आहे, कार्डांवरचंच."

शरदरावांनी ओट्याची कड धरली. "आणि तरी तो मला कार्ड द्यायचा?"

"दर सणाला. मी एकदा विचारलं त्यांना, तुम्हाला जड नाही जात? तर म्हणाले, मी दर वेळी विचारतो ना त्याला, लपवलेलं काही आहे का म्हणून. तो नाही म्हणतो. एखाद दिवशी हो म्हणेल." पद्मजाने साखर घातली. "वीस वर्षं विचारत होते ते."

वीस वर्षं. म्हणजे साठ वेळा. यतीन त्यांच्या घरी यायचा, खुर्चीत टेकायचा आणि हसत विचारायचा, आणि हे तितक्याच हसत नाही म्हणायचे, आणि वर म्हणायचे, चल, चहा घे. एकदाही त्याने आवाज चढवला नव्हता, एकदाही कार्ड हातात अडकवून ठेवलं नव्हतं. शरदरावांना आता त्याचं ते थांबणं आठवलं. नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ तसाच बघत राहायचा. त्यांना वाटायचं, यतीन जरा संथच आहे.

"मग त्या दिवशी माझ्या तोंडावर का नाही फेकलंस हे?" त्यांनी विचारलं.

"फेकणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. खोटं कशाला सांगू, नंतर कितीतरी दिवस पस्तावले, का नाही बोलले म्हणून." तिने चहा गाळला. "पण यतीन गेलेले. दुसरा वडील नव्हता. तुमचं कार्ड गेलं असतं तर बाकीच्यांना कोण देणार होतं? म्हटलं, जाऊ दे. एकटीचं गेलं तर गेलं."

शरदरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. म्हणाले, "रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. माझं पान, तुझं कार्ड, सगळं. एवढं तरी मला करू दे."

"नका सांगू, दादा."

"का?"

"तुम्ही आता सांगितलंत की लोक विचारणार, आजच का? मग माझं नाव निघणार, माझ्यावरून मानसचं. अकरा माणसं असली तरी अकरा तोंडं आहेत. तुमचं मन हलकं होईल, पण ते ओझं माझ्या पोराच्या डोक्यावर येईल. त्याला आता नोकरीवर ठेवायचं की नाही हे ठरतंय." ती हे सगळं शांतपणे बोलत होती, भाजी निवडावी तसं. "तेव्हा सांगितलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा मानस कुणीच नव्हता. तेव्हा मी आलेही असते."

शरदरावांनी पिशवीतून कार्ड काढलं. त्यांना दुसरं काय करावं ते कळेना. पद्मजाने हात पदराला पुसले आणि ते घेतलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई मात्र तशीच काळी. तिने नावावरून अंगठा फिरवला, यतीनच्या नावावरून पुन्हा फिरवला. "किती छान काढलंय हो," ती म्हणाली. मग गॅसवरचं पातेलं उतरवून तिने कार्डाचं टोक ज्योतीत धरलं. जाड कागद, पेटायला वेळ लागला. अर्धं जळल्यावर तिने ते बेसिनमध्ये टाकलं आणि राहिलेलं जळेपर्यंत दोघं बघत उभे राहिले. मग तिने नळ सोडला.

"सातला मी मोबाइलवर आपली गाणी लावते रविवारी," ती म्हणाली. "कानात घालून. कुणाला ऐकू जात नाही." बोलता बोलता तिची उजव्या हाताची बोटं ओट्याच्या कडेवर दोन-चारदा खालीवर झाली. तिच्या ते लक्षात आलं तशी तिने बशी उचलली आणि चहा पुढे केला. शरदरावांनी या वेळी तो घेतला. बारा वर्षांपूर्वीचा राहिलेला चहा होता, तो गार करून ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

घरी सुलोचनाबाईंनी विचारलं, "येणार का ती?" शरदराव म्हणाले, "नाही जमत तिला." सुलोचनाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. शनिवारी दुपारी त्यांनी नवऱ्याला टेबलाशी बसलेलं पाहिलं. नवं कार्ड कापलं होतं, कोपऱ्यात पेल्याचं चित्र काढून झालं होतं, शाईत बुडवलेला बोरू कोरडा होत होता. संध्याकाळपर्यंत त्या कार्डावर एक अक्षर पडलं नव्हतं.

ईस्टरच्या रविवारी पावणेसातला मराठी मंडळी जमली. अकरा माणसं, शरदराव धरून. प्रत्येकाने दारातल्या ताटात आपलं कार्ड टाकलं. शरदरावांनी आपल्या नावाचं कार्ड खिशातच राहू दिलं आणि ते कोरं कार्ड टाकलं. मागच्या खोलीत पेले भरताना मसीहसाहेब म्हणाले, "रणनवरेजी, एक पर नाम नहीं है."

"असू द्या," शरदराव म्हणाले. "मोजा."

अकरा कार्डं, अकरा पेले. गाणी मोबाइलवर लावून स्पीकरला जोडली होती. लोक त्याच्या मागून म्हणत होते आणि दर कडव्याला थोडे मागे पडत होते. कोपऱ्यातल्या पेटीवर खोळ घातलेली होती. वचन वाचून झालं, पाव मोडून झाला, आणि रिवाजाप्रमाणे पेल्यांचा ट्रे वडिलांनी हातात घेतला. वडिलाने सगळ्यांना द्यायचं आणि शेवटचा आपण घ्यायचा. शरदराव बाकांमधून सरकत गेले. एकेकाने घेतला. काही म्हाताऱ्या हातांना पेला धरवत नव्हता, त्यांना त्यांनी धरून दिला. शेवटच्या बाकावर सुलोचनाबाई होत्या. त्यांनी घेतला. ट्रेमध्ये एक पेला राहिला.

शरदराव त्याच्याकडे बघत उभे राहिले. घड्याळात आठ वाजून गेले होते. राऊला चौथ्या मजल्यावर कुणीतरी कानात काहीतरी घालून बसलं असणार, हे या सगळ्या मंडळीत त्यांनाच माहीत होतं.

"घ्या ना," सुलोचनाबाई कुजबुजल्या. "तुमचाच राहिलाय."

"माझा नाही तो," शरदराव म्हणाले, आणि ट्रे तसाच नेऊन मेजावर ठेवला. मसीहसाहेबांनी पाहिलं, मग पांढरं फडकं त्यावर टाकून शेवटची प्रार्थना केली. मराठीत केली, पाठ करून आले होते बिचारे, एकही शब्द चुकला नाही.

उरलेला द्राक्षारस मोरीत ओतायचा नाही, झाडाच्या मुळाशी घालायचा असं जुने लोक सांगत. पण तसं करायची वेळ आजवर आली नव्हती, कार्डं मोजून भरलेला पेला उरणार कसा? शरदरावांनी तो बाहेर नेऊन कुंपणाजवळच्या मधुमालतीच्या मुळाशी रिता केला. फाटकातून नऊच्या उपासनेची मंडळी नव्या कपड्यांत आत येऊ लागली होती, एक मुलगा गिटार घेऊन आला होता. मसीहसाहेब मागोमाग आले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला उपासना बंद झाल्याचं लागलंय.

"रणनवरेजी," ते हळू आवाजात म्हणाले, "आपने नहीं लिया. मनात काही आहे का?"

छत्तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी दारोदार विचारला होता. त्यांना स्वतःला तो शेवटी विचारला होता यतीनने.

"आहे," शरदराव म्हणाले. "पण आता सांगता येत नाही." आणि ते पेला धुवायला नळाकडे गेले.